अंड्यांसाठी कोंबड्यांची डीएनए चाचणी : कुणाची करावी, कशासाठी करावी?

रानजाई (कळवा) :

नमस्कार मंडळी. मी राहते कळव्याला, पण कोंबड्या आहेत मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे, सासरच्या वाडीवर. सासूबाई आणि धाकटे दीर रोजचं बघतात. विक्री आणि हिशोब माझ्याकडे. शंभर-सव्वाशे कोंबड्या आहेत. निम्म्या जुन्या गावठी, सासूबाईंनी वर्षानुवर्षं घरीच बसवून वाढवलेल्या. बाकी ग्रामप्रिया या संकरित वाणाच्या, आणि ग्रामप्रिया व घरचा कोंबडा यांच्यापासून झालेली पिल्लं, ती आता मोठी झाली आहेत. अंडी कळवा, खारेगाव आणि वाशीतल्या ठरलेल्या घरांना जातात.

माल चांगला आहे, मागणी पुरी पडत नाही. पण कवच पातळ निघतं. टेम्पोने कल्याणपर्यंत आणि पुढे लोकलने आणेपर्यंत तीस अंड्यांच्या ट्रेमधली दोन-तीन तडकतातच, एप्रिल-मे मध्ये त्याहून जास्त. आकार एकसारखा नाही. एकाच ट्रेमध्ये लिंबाएवढं आणि मोठं अशी दोन्ही असली की गिऱ्हाईक कुरकुरतं. आणि गावठी कोंबड्या बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक होतात, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसतात. सासूबाईंना मात्र खुडूक कोंबडी हवीच असते, कारण पिल्लं तीच काढते. आमच्याकडे अंडी उबवायचं यंत्र नाही.

मागच्या महिन्यात एका खासगी लॅबचा माणूस वाडीवर येऊन गेला. म्हणाला, प्रत्येक कोंबडीच्या रक्ताचा थेंब पाठवा, आम्ही तिच्या अंड्यांच्या जनुकांचा अहवाल देतो. माहितीपत्रकात प्रोलॅक्टिन, ओव्होकॅलिक्सिन-३२ अशी नावं होती. ज्यांना कमी गुण मिळतील त्या विकून टाकायच्या, जास्त गुणांच्या ठेवायच्या. दिरांना पटलंय. रक्कम आमच्या मानाने मोठी आहे, पाऊस संपायच्या आत निर्णय हवा आहे. यातलं कुणाला काही माहीत आहे का? गावठी कोंबड्यांना हे लागू पडतं का?

शहापूरकर :

ताई, माझ्याकडे पिंजऱ्यातला लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचा फार्म आहे, बीव्ही-३०० या व्यापारी वाणाचे पक्षी. डीएनएचं मला सांगता येणार नाही, कवचाचं सांगतो. आधी कॅल्शियम बघा. एका कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं, आणि मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबडीला दाणे आणि किड्यांतून तेवढं मिळत नाही. कवच बनतं मुख्यतः रात्री, म्हणून शिंपल्याचा चुरा दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ठेवा. जाडसर ठेवा, पीठ नको. जाड चुरा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो. तुमच्याकडे कळव्याला तिसऱ्यांची (शिंपल्यांची) कवचं फुकट मिळतील, धुऊन, भाजून, कुटून घ्या.

उन्हाळ्यात कोंबडी धापा टाकते, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्ताचा समतोल बदलतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेट कमी पडतो. तिथे कुठलाही वाण असो, कवच पातळच येणार. सावली, थंड पाणी, पहाटे खाद्य. हे झाल्यावर मग जनुकांकडे जा.

चेंदणीकर (ठाणे) :

रानजाई ताई, माझी सगळी नोकरी लेयर कोंबड्यांच्या पैदास केंद्रांवर गेली, आता चेंदणीत निवांत आहे. शहापूरकरांनी लिहिलंय ते अगदी बरोबर, ते आजपासूनच सुरू करा. मी तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल जरा सविस्तर लिहितो. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि यात लहान पाळणाऱ्यांचे पैसे चुकीच्या ठिकाणी गेलेले मला बघवत नाहीत.

उत्तर आधी सांगतो. सगळ्या कोंबड्यांची चाचणी करू नका. चाचणी करायचीच असेल तर कोंबड्यांची, म्हणजे नरांची करा, आणि कशासाठी करायची ते ठरवून करा.

असं का? कोंबडी कशी आहे हे तिचं अंडं सांगतं. ते तुमच्या हातात येतं, वजन करता येतं, कवच बघता येतं, महिन्याला किती दिली मोजता येतात. कोंबडा अंडी घालत नाही, पण पुढच्या पिढीची निम्मी जनुकं त्याची असतात, आणि आठ-दहा कोंबड्यांमागे तो एकटा असतो. त्याच्या अंगात अंड्यांचे कुठले गुण आहेत हे बाहेरून दिसायला मार्गच नाही. पूर्वी आम्ही त्याच्या आईची आणि बहिणींची नोंद बघून अंदाज बांधायचो. त्यात एक अडचण कायम राहायची. एकाच आईबापाचे दोन सख्खे भाऊ कागदावर अगदी सारखे ठरायचे, दोघांनाही तोच आकडा. प्रत्यक्षात सख्ख्या भावंडांत खूप फरक असतो. कळपातल्या जनुकीय फरकाचा साधारण अर्धा भाग भावंडा-भावंडांमध्येच असतो, कारण आईबापाकडून कुणाला कुठला वाटा आला ते प्रत्येकाचं वेगळं. डीएनए वाचला की हे दोन भाऊ वेगळे ओळखता येतात, तेही पिल्लू असताना, बहिणी अंड्यावर यायची वाट न बघता. लेयर कंपन्यांनी मार्कर उचलले ते यासाठी.

आता मार्कर म्हणजे काय ते. लाल रानकोंबडीचा पूर्ण जनुकसंच २००४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. साधारण शंभर कोटी अक्षरं, माणसाच्या एक तृतीयांश. दोन कोंबड्यांच्या डीएनएत जिथे एका अक्षराचा फरक असतो त्या जागेला एसएनपी म्हणतात, आणि ती खूण म्हणून वापरली की तोच मार्कर. अशा लाखो जागा आहेत. २०१३ पासून सहा लाखांच्या आसपास जागा एका झटक्यात वाचणारी चिप उपलब्ध आहे. पण यातली बहुतेक अक्षरं स्वतः काहीच करत नाहीत. ती खऱ्या कामाच्या जनुकाच्या शेजारी असतात आणि त्याच्यासोबत पुढच्या पिढीत जातात, एवढाच त्यांचा उपयोग. आपण पत्ता सांगताना चिंचेच्या झाडाशेजारचं घर म्हणतो. त्या गावात ते बरोबर असतं, दुसऱ्या गावात चिंचेशेजारी दुसरंच कुणी राहतं. मार्करचं तसंच आहे. व्हाइट लेगहॉर्न या अंड्यांच्या व्यापारी वाणाच्या कळपात एखादं अक्षर चांगल्या जनुकाशेजारी सापडलं म्हणून तुमच्या सासूबाईंच्या गावठी कोंबड्यांतही ते तिथेच असेल असं नाही. पिढ्यान्‌पिढ्या गुणसूत्रांची अदलाबदल होत हे शेजार बदलत जातात.

तुम्हाला दाखवलेली दोन नावं घेऊ. प्रोलॅक्टिन हे खुडूक होण्यामागचं संप्रेरक, त्यात शंका नाही. ते वाढलं की अंडाशय आक्रसतं, अंडी थांबतात, कोंबडी बसते. त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागात २४ अक्षरांची एक भर असते किंवा नसते. व्हाइट लेगहॉर्न जवळजवळ खुडूक होतच नाही, तिच्यात ही भर सर्रास दिसते. वारंवार खुडूक होणाऱ्या सिल्की जातीत ती कमी. एवढं वाचलं की वाटतं, सापडलं! पण वेगवेगळ्या कळपांत या भरीचा अंड्यांच्या संख्येशी संबंध तपासला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. खुडूक होणं एका जनुकाच्या हातात नाही. आणि तुम्हाला तर खुडूक कोंबड्या हव्या आहेत! त्या अहवालावरून कमी गुणांच्या म्हणून तुम्ही ज्या विकाल त्यातच पिल्लं काढणाऱ्या निघतील, मग सासूबाई अंडी कुणाखाली बसवणार?

ओव्होकॅलिक्सिन-३२ हे कवचाच्या बाहेरच्या थरातलं आणि त्यावरच्या पातळ आवरणातलं प्रथिन. व्यापारी वाणांत त्याच्या प्रकारांचा कवचाशी आणि इतर गुणांशी संबंध दिसलेला आहे. पण तो त्या वाणात, तिथे हजारो पक्ष्यांची मोजमापं हाताशी असताना. तुमच्या कळपात त्याचा कुठला प्रकार चांगला हे कुणी मोजलेलंच नाही, तर गुण देणार कशावरून?

अंड्यांची संख्या हा गुण शेकडो जनुकांच्या लहान-लहान परिणामांची बेरीज आहे. म्हणून आता एकेक जनुक धरत नाहीत. सगळे मार्कर एकत्र घेऊन प्रत्येकाला थोडं-थोडं वजन देऊन बेरीज करतात. ही पद्धत म्यूविसेन, हेज आणि गोडार्ड या तिघांनी २००१ मध्ये मांडली, आणि आज जगभरची लेयर पैदास तिच्यावर चालते. पण तिला त्याच वाणाच्या, डीएनए वाचलेल्या आणि अंडी मोजलेल्या हजारो पक्ष्यांचा आधार लागतो. तो आधार मुरबाडच्या गावठी कळपासाठी नाही. त्या लॅबकडे असेल तर तो लेखी मागा.

ग्रामप्रियाबद्दल थोडं. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेला हा संकर आहे, पक्षी उत्तम आहे. पण संकराची पुढची पिढी एकसारखी येत नाही, आजी-आजोबांचे गुण विखुरतात. तुमच्या ट्रेमध्ये लहान-मोठी अंडी येतात त्याचं एक कारण हेच असणार.

रानजाई (कळवा) :

चेंदणीकर काका, मनापासून आभार. दिरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग नोंद ठेवायची कशी? मोकळ्या कोंबड्या, कुणी कुठे घातलं कळत नाही. काही झुडपात घालतात.

आणि एक गोष्ट मी लाजून लिहिली नव्हती. वाशीच्या एका घरातून दोनदा तक्रार आली की अंड्याला मासळीचा वास येतो. दुसऱ्या कुणाकडून नाही, आणि त्यांच्याकडेही सगळ्या अंड्यांना नाही, एखाद-दुसऱ्याला. आम्ही खाद्यात सुकटीचा कुटा आणि राईची पेंड घालतो. पण मग सगळ्याच अंड्यांना यायला हवा ना?

चेंदणीकर (ठाणे) :

लाजू नका, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मार्कर जिथे पैसे वसूल करून देतो ती जागा हीच.

सुकटीत ट्रायमिथिलअमाइन नावाचं द्रव्य असतं, मासळीचा वास त्याचाच. राईच्या पेंडेतल्या सिनॅपिनपासून आणि कोलीनपासून कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू तेच द्रव्य बनवतात. साधारण कोंबडीच्या यकृतात एफएमओ३ नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते या द्रव्याचं बिनवासाच्या द्रव्यात रूपांतर करतं. काही कोंबड्यांमध्ये या जनुकात एका जागी बदल असतो, विकर काम करत नाही, द्रव्य बलकात साठतं. हा बदल २००५ मध्ये उघड झाला. तपकिरी अंड्यांच्या वाणांत तो होता आणि पैदास कंपन्यांनी डीएनए चाचणी लावून आपल्या वाणांतून काढून टाकला.

फरक लक्षात घ्या. इथे खूण शेजारी नाही, दोष ज्याच्यामुळे होतो तो बदलच वाचला जातो. त्यामुळे चाचणी कुठल्याही कळपात खरी ठरते, लेगहॉर्न असो की गावठी. लॅबवाल्याला पहिला प्रश्न हा विचारायचा : तुम्ही वाचता ते अक्षर स्वतः कारण आहे, की कारणाशेजारचं आहे?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. वासाच्या या दोषाला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात. कोंबडीत एकच बिघडलेली असेल तर तिच्या अंड्याला वास येत नाही. कोंबड्यात तर काहीच दिसत नाही. एक बिघडलेली प्रत बाळगणारा कोंबडा आणि वास देणारी कोंबडी यांच्या निम्म्या मुली वास देणाऱ्या निघतील. म्हणून तुमचे पैदाशीचे कोंबडे आणि ज्यांच्या अंड्यांना वास येतो त्या कोंबड्या, एवढ्यांचेच नमुने पाठवा. त्या कोंबड्या सापडल्या की सुकट आणि राईची पेंड बंद करून शेंगदाण्याची पेंड किंवा सोयाबीन द्या. मूळ द्रव्यच पोटात कमी गेलं तर दोष असलेल्या कोंबडीच्या अंड्यालाही वास येणार नाही. वास देणाऱ्या कोंबड्या आधी शोधून मग खाद्य बदला, उलट केलंत तर त्या सापडणार नाहीत.

नोंदीचं. पायात रंगीत कड्या घाला, प्लॅस्टिकच्या स्वस्त मिळतात. पैदास केंद्रावर आम्ही दार पडणाऱ्या पेट्या वापरायचो. कोंबडी आत शिरली की फळी खाली येते, अंडं घातल्यावर माणूस येऊन तिला सोडतो आणि अंड्यावर पेन्सिलने तिचा नंबर लिहितो. दीर सुताराकडून अशा दहा-बारा करून घेऊ शकतील. दिवसातून चार-पाच वेळा बघायला लागतं, उन्हाळ्यात जास्त, आत कोंबडी गुदमरता कामा नये. रोज नको. आठवड्यातले ठरलेले दोन-तीन दिवस लावल्या तरी वर्षाअखेर कोण कशी आहे ते कळतं. झुडपात घालणाऱ्यांना सकाळी दहापर्यंत कोंडून ठेवा, बहुतेकींचं अंडं तोवर येतं.

कवचासाठी मिठाचं पाणी. एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवलं की घनता १.०८ च्या आसपास येते. त्याच दिवसाचं ताजं अंडं त्यात सोडा. कवच जाड असेल तर तळाशी जातं, पातळ असेल तर तरंगतं. शिळं अंडं चालत नाही, आतली हवेची पोकळी वाढलेली असते, ते तसंही वर येतं. अंड्यावरचा नंबर बघून वहीत बुडलं की तरंगलं एवढंच लिहायचं. ही अंडी मग घरी खा, विकू नका, पाण्याने वरचं आवरण जातं आणि ती टिकत नाहीत. उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा, नाहीतर उष्णतेचा दोष कोंबडीच्या माथी जाईल.

आकारासाठी डीएनएची मुळीच गरज नाही. अंड्याचं वजन हा बराच वारशाने उतरणारा गुण आहे. कळपात वजनाचा जो फरक दिसतो त्यातला निम्म्याच्या आसपास आईबापाकडून आलेला असतो. संख्येच्या बाबतीत हा वाटा दहा ते तीस टक्के, बाकी खाद्य, उजेड, आजार. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन आकारावर निवड केलीत तर दोन-तीन पिढ्यांत ट्रे एकसारखा दिसायला लागेल. फक्त फार मोठ्या अंड्यामागे लागू नका. आकार वाढवत नेला की संख्या कमी होते, आणि मोठ्या अंड्यावर तेवढंच कॅल्शियम पसरून कवच पातळ पडतं. तुम्हाला मधला आकार आणि टणक कवच हवंय.

पशुवैद्यक ऐरोली :

मी परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिकते. सरांनी लिहिलेल्यात थोडी भर घालते.

ताई, नमुना घ्यायला फार रक्त लागत नाही. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, आपल्या तांबड्या पेशींत नसतं. त्यामुळे कोंबडीच्या एका थेंबात भरपूर डीएनए मिळतो. पंखाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, पिसं बाजूला सारली की निळसर शीर दिसते. स्पिरिटने पुसून बारीक सुईने टोचायचं, थेंब लॅबच्या कागदी कार्डावर टिपायचा, कापसाने मिनिटभर दाबून धरायचं. कार्ड सावलीत पूर्ण वाळवून मगच पाकिटात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ओलसर कार्डाला बुरशी येते आणि नमुना फुकट जातो. एका कार्डाला हात लावल्यावर दुसऱ्याआधी हातमोजे बदला. पहिल्या वेळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलवा, नंतर दिरांना जमेल.

कोंबडा निवडण्याला आणखी एक कारण आहे. माणसात एक्स-वाय असतं तसं पक्ष्यांत झेड-डब्ल्यू असतं, पण उलट : मादीत झेड आणि डब्ल्यू, नरात दोन झेड. म्हणजे तलंगेला (तरुण कोंबडीला) तिचं झेड गुणसूत्र बापाकडूनच येतं. आईचं झेड फक्त मुलांना जातं. झेड मोठं गुणसूत्र आहे, त्यावर बरीच जनुकं आहेत, आणि त्या सगळ्यांच्या बाबतीत मुलगी पूर्णपणे बापावर जाते.

आणि आत्ता लगेच कुठल्या कोंबड्या अंडी देत नाहीयेत हे बघायचं असेल तर बिनखर्चाची जुनी पद्धत आहे. ज्यांचे पाय आणि चोच पिवळी आहे त्यांत बघा. अंडी देणारी कोंबडी पिवळा रंग बलकाकडे वळवते, म्हणून अंगावरचा पिवळेपणा ठरलेल्या क्रमाने उतरतो : आधी गुदद्वाराभोवती, मग डोळ्याची कडा, मग चोच, शेवटी पाय. चार-सहा महिने नेमाने अंडी दिलेल्या कोंबडीचे पाय फिके पडलेले असतात. वर्षभराची कोंबडी, पाय पिवळेधमक आणि पिसं चकचकीत, तर ती बहुधा फुकट खातेय. शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्येही बोटं लावून बघा. अंडी देणारीत दोन-तीन बोटं मावतात, बंद असलेलीत एकच. काळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या कोंबड्यांना मात्र रंगाची पद्धत लागू नाही, हाडांची लागू आहे.

चेंदणीकर (ठाणे) :

छान लिहिलंत. त्या पिवळ्या पायांबद्दल एक सांगावंसं वाटतं. पाळीव कोंबडी लाल रानकोंबडीपासून आली हे सगळ्यांना माहीत आहे. पण पिवळ्या कातडीचं जनुक तिच्यातलं नाही. ते करड्या रानकोंबड्याकडून आलं, हे २००८ मध्ये डीएनएवरून दिसलं. करडा रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला, माळशेजच्या जंगलात पहाटे ज्याची बांग ऐकू येते तो. गाजरा-मक्यातला पिवळा रंग तोडणारं एक विकर आहे, पिवळ्या पायांच्या कोंबडीच्या कातडीत ते जनुक बंद असतं, म्हणून रंग साठतो. आज जगभरच्या व्यापारी कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत ते त्याच्यामुळे.

यासाठीच मला तुमच्या सासूबाईंचा कळप मोलाचा वाटतो. पिढ्यान्‌पिढ्या मुरबाडच्या हवेत, घारी-मुंगसांतून जगून निघालेल्या कोंबड्या आहेत त्या. एका कागदावरच्या गुणांवरून त्यातल्या निम्म्या विकल्या तर जे जाईल ते परत आणता येणार नाही.

रानजाई (कळवा) :

काल दिरांशी आणि सासूबाईंशी बोलणं झालं. लॅबवाल्यांना सरांचा प्रश्न विचारला, अक्षर कारण आहे की शेजारचं. त्यांनी विचारून सांगतो म्हटलंय. तोवर थांबलोय.

कड्या मागवल्या. पेट्या सरळगावच्या सुताराला सांगितल्या, आधी चारच करतोय, त्या जमल्या की पुढच्या. वासाचं सासूबाईंनी स्वतः अंगावर घेतलंय. नंबर लिहिलेली अंडी वेगवेगळी उकडून गरम असतानाच फोडून बघणार आहेत, त्यांचं नाक तिखट आहे. दोन ग्रामप्रियाच्या पिढीतल्या तपकिरी कोंबड्यांवर त्यांचा आत्ताच संशय आहे.

सासूबाईंनी एक ठरवलंय, ते बरोबर आहे का सांगा. लांब कवडी पिसांचा एक कोंबडा आहे, त्याच्या आईची अंडी मोठी आणि टणक असायची हे त्यांना आठवतंय. वासाच्या चाचणीत तो स्वच्छ निघाला तर तोच एक ठेवायचा आणि बाकीचे सगळे विकायचे, असं त्यांचं म्हणणं.

चेंदणीकर (ठाणे) :

सासूबाईंची आठवण हीसुद्धा नोंदच आहे, तो कोंबडा जरूर ठेवा. पण एकटा ठेवू नका. पुढच्या वर्षी त्याच्याच मुली त्याच्यासमोर येतील, आणि बाप-लेकीची पिल्लं झाली की अंडी उबत नाहीत, पिल्लं मरतात, आणि ज्या अंड्यांसाठी हा खटाटोप चालू आहे त्यांची संख्याही घटते. मोठ्या कंपन्यांतसुद्धा मार्करवर फार जोरात निवड केली की ही भीती असते, सगळे पुढारी एकाच घरातले निघतात.

शंभर-सव्वाशे कोंबड्यांना दहा-बारा कोंबडे हवेत, वेगवेगळ्या आयांचे. त्या सगळ्यांची एफएमओ३ चाचणी करा, खर्च सगळ्या कोंबड्यांच्या मानाने फार कमी येईल. कळपाचे तीन गट करा आणि दर वर्षी नवे तरुण कोंबडे एका गटातून पुढच्या गटात टाका, पहिल्याचे दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात, तिसऱ्याचे पहिल्यात. म्हणजे कोंबडा आपल्या बहिणींत राहत नाही. कड्यांचे तीन रंग गटांप्रमाणे घ्या, मागवलेल्यांत तीन रंग नसतील तर आणखी मागवा.

खुडूक होण्याचं असं करा. एका गटात फक्त गावठी ठेवा आणि तिथे खुडूकपणावर निवड करू नका, तो पिल्लं काढायचा गट. विक्रीची अंडी बाकी दोन गटांतून. तिथे जी लवकर खुडूक होते तिचं अंडं बसवायला घेऊ नका, एवढं पुरे. पिल्लं काढायला अंडी निवडाल ती मिठाच्या पाण्यात बुडवलेली नकोत, त्याच कोंबडीची नंतरची, कोरडी घ्या.

वही कशी आखायची ते विचारायला दिरांना सांगा, मी रविवारी सकाळी इथे असतो.